कान कोणाचे गेले

माझ्या धाकट्या भावाला धंद्यातले लोक ‘कान’ म्हणत. फोन आला की पलीकडचा विचारायचा, “कान आहेत का घरी?” मी म्हणायचे, “आहेत की, दोन्ही आहेत. कुठला देऊ?” हा विनोद मी इतका चालवला की शेवटी त्याची मुलगी म्हणाली, “आत्या, आता बास.”

नाव मात्र उगाच पडलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या सुमाराला तो एका मोठ्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला लागला. तिथून मशीनवर बसला, रेकॉर्डिस्ट झाला. हॉल भरून वादक वाजवत असले तरी मागच्या रांगेत कोणाची तार उतरली आहे, ते हा काचेमागून बोट दाखवून सांगायचा. वादक त्याच्यावर खार खाऊन असत, आणि तो मशीनवर नसला तर वाजवायला बसायलाही कुरकुर करत.

एकदा कीबोर्ड वाजवणारा आलाच नाही. संगीतकार डोकं धरून बसला. तेव्हा हा म्हणाला, “मी वाजवू का? रोज ऐकतोच आहे.” आणि वाजवलं. पुढे लोक त्याला वाजवायलाच बोलवायला लागले. मग तो चाली लावू लागला, मग दुसऱ्यांची गाणी पहिल्या ओळीपासून बाजारात जाईपर्यंत स्वतःच्या अंगावर घेऊन करू लागला. त्या कामाला प्रोड्यूसर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलं होतं, “म्हणजे नक्की काय करतोस?” तर म्हणाला, “ताई, सगळं बिघडलं तर ज्याला शिव्या बसतात, तो मी.”

त्याची बायको लवकर गेली. माझाही संसार आटोपला होता, म्हणून मी माझं शिवणयंत्र घेऊन त्याच्याकडे राहायला आले. घराच्या तळमजल्यावर त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला, त्याच्या भिंतींवरच्या गाद्यांचे अभ्रे मी शिवले आहेत. मुलगी तिथेच लहानाची मोठी झाली आणि तिथेच कामाला लागली. तिशी आली तरी घरात ती छकुलीच.

गाणं तयार झालं की ते एका माणसाकडे जायचं. तो शेवटचा हात फिरवायचा. कुठे आवाज फार उसळला असेल तर दाबायचा, कुठे पडला असेल तर उचलायचा, आणि मग गाणं बाहेर पडायचं. धंद्यात त्याला ‘इस्त्री’ म्हणत, कारण तो गाण्याच्या चुण्या काढतो. मी त्याला इस्त्रीभाऊ म्हणायचे. माझा भाऊ आणि तो वायरी गुंडाळायच्या काळापासूनचे दोस्त. दर आठवड्याला तो यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा आणि सांगायचा, “ताई, चहा छान आहे, फक्त जरा बेस कमी आहे.” म्हणजे साखर.

भावाचा एक नेम होता. गाणं इस्त्रीकडे गेलं की त्याने ते पुन्हा कधी ऐकायचं नाही. रेडिओवर लागलं तर उठून जायचा. म्हणायचा, “सासरी गेलेल्या पोरीच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघू नयेत.”

त्या नेमामुळेच पुढचं सगळं झाकून राहिलं.

एका दुपारी तो जेवून आडवा झाला होता. मी खाली चहा घेऊन गेले तर छकुली एकटी मशीनपुढे. मला बघून ती दचकली. मी म्हटलं, “काय करतेस गं?” तिने नुसतं एक गाणं लावलं. गाणाऱ्या बाईच्या तोंडातला प्रत्येक ‘स’ सुईसारखा कानात घुसत होता. झांजा तर काच फुटल्यासारख्या. मी कानांवर हात ठेवले.

“हे बाबांनी सकाळी केलेलं,” ती म्हणाली. मग एक बटण फिरवलं आणि गाणं माणसांत आलं. “आणि हे मी करते, वेगळ्या प्रतीवर, ते झोपले की. तीच इस्त्रीकाकांकडे जाते.”

“म्हणजे त्याला...”

“वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आत्या. त्यांना गाणं मंद वाटतं, म्हणून ते ट्रेबल वाढवतात. अजून मंद वाटतं, अजून वाढवतात. आयुष्यभर ते मोठे स्पीकर कानाला लावून बसलेत ना. पहिल्यांदा इस्त्रीकाकांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, पोरी, आधी तू उतरवून दे, राहिलेलं मी उतरवतो. तुझ्या बापाला कळता कामा नये.”

“डॉक्टर?”

“मी एकदा नुसतं म्हटलं, बाबा, तपासून येऊ. तर जेवले नाहीत.”

मी चहाचा कप तिथेच ठेवून वर आले. घरातला कर्ता माणूस, त्याच्या कानांवर घर चालतं. आणि घर चाललंही होतं, तसंच, बरीच वर्षं. लोक म्हणायचे, कानांच्या गाण्याला अजून तीच चमक आहे. तो खूश व्हायचा. छकुली मान खाली घालून वायरी आवरायची.

मग त्याने मनावर घेतलं की आता स्वतःचा अल्बम करायचा. सगळ्या चाली त्याच्या, वाजवणारा तो, रेकॉर्ड करणारा तो. “आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, ताई,” म्हणाला. वर्षभर तो त्यात बुडाला होता. कधी नव्हे ते सकाळी शीळ घालायचा. काम संपलं तेव्हा गाणी इस्त्रीकडे गेली, जाण्याआधी एका दुपारी नेहमीप्रमाणे छकुलीच्या हाताखालून. अल्बम बाहेर पडला. आणि या एकदाच त्याने नेम मोडला. स्वतःचं म्हणून ऐकायला बसला.

आम्ही दोघी वर होतो. तो धाडधाड जिना चढून आला.

“माझ्या गाण्यांवर कोणीतरी कांबळं टाकलंय,” तो म्हणाला. “झांजा कुठे आहेत? तारांची धार कुठे आहे? मी दिलं ते हे नाही. दोन्ही शेजारी लावून ऐकलंय मी.”

छकुली पांढरीफटक पडली. त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने इस्त्रीला फोन लावला आणि असं काही बोलला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. तरी ऐकू यायचं ते आलंच. “मुडदा पाडलास माझ्या कामाचा. नसेल झेपत तर घरी बस.” पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. फोन ठेवून भाऊ म्हणाला, “म्हणतो, चुकला असेल माझा हात. असेल म्हणे!”

एवढ्यावर भागलं असतं तर दोस्तांचं भांडण म्हणून मिटलं असतं. पण तो मोठ्या स्टुडिओबाहेर, जिथे सगळे वादक आणि रेकॉर्डिस्ट चहाला जमतात, तिथे जाऊन बोलला. इस्त्रीचे कान गेले म्हणाला. आणि हे ‘कान’ म्हणतायत म्हटल्यावर कोण शंका घेणार? महिन्याभरात इस्त्रीकडची कामं आटली. तो आमच्याकडे यायचा बंद झाला. कोणी विचारलं तर म्हणायचा, “वय झालं, दुसरं काय.”

छकुली स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन बसली, भाजी निवडायला घेतली आणि देठं ठेवून पानं टाकायला लागली.

“आत्या, ते माझ्यासाठी गप्प बसलेत. काकांचं सगळं गेलं माझ्यापायी.”

“मग सांग त्याला.”

“बाबा कोलमडतील.”

“आणि तो दुसरा कोलमडतोय त्याचं काय? तू सांगणार नसलीस तर मी जाते खाली.”

ती उठली. मीही मागोमाग गेले. भाऊ मशीनपुढे बसला होता. तिने त्याला काहीच समजावलं नाही. म्हणाली, “बाबा, एक आवाज लावते. ऐकू आला की हात वर करा.”

“हे काय खूळ?”

“करा ना.”

तो हसला, खुर्चीत सरसावून बसला, डोळे मिटले. तिने बटण दाबलं. बारीक शिट्टीसारखा आवाज आला, नुसता जाळत जाणारा. माझे कान काही तरुण नाहीत, तरी माझे दात शिवशिवले. छकुलीने ओठ आवळून धरले होते.

तो तसाच, डोळे मिटून, शांत.

“लाव की,” तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.

“छकुले, लाव ना. किती वेळ?”

“लावलाय, बाबा.”

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात कानावर गेला होता, तो मी खाली घेतला, पण त्याने बघायचं ते बघितलं.

नंतर तिने सगळं सांगितलं. दुपारची, बटणांची, काकांची गोष्ट. मला वाटलं चिडेल, काहीतरी फेकेल. त्याने फक्त विचारलं, “किती दिवस?” ती म्हणाली, “आठवत नाही.” मग विचारलं, “चमक आहे म्हणायचे ते... तुझी?” यावर ती रडायला लागली.

पुढे आठवडाभर तो खाली उतरला नाही. मी ताट नेऊन ठेवायचे, तो दोन घास खायचा. मला वाटत होतं, आता हा कोणालाच काही सांगणार नाही. सांगितलं तर स्टुडिओ बंद. ज्याचं नावच कान, त्याला कोण काम देईल? आणि नाही सांगितलं तर इस्त्री जन्मभर बहिरा ठरून बसणार. एका सकाळी तो दाढी करून बाहेर आला.

“ताई, चल माझ्याबरोबर. कोणी हळू बोललं तर मला सांगशील.”

चहाच्या ठिकाणी नेहमीची गर्दी होती. याला बघून दोघातिघांनी खुर्ची पुढे केली. हा उभाच राहिला. म्हणाला, “मी इस्त्रीबद्दल बोललो होतो ना, ते चुकीचं होतं. कान माझे गेलेत. त्याचे चांगले आहेत.”

एक ढोलकवाला हात कानामागे धरून ओरडला, “काय म्हणालात? ऐकू नाही आलं!”

सगळे खदखदून हसले. त्यांना वाटलं याने गंमत केली. भाऊ हसण्याचा आवाज थांबायची वाट बघत उभा राहिला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, अगदी तसंच, शब्द न बदलता. मग कोणी हसलं नाही. ढोलकवाला चहात बघत बसला. कोणीतरी पाठीमागे काही पुटपुटलं. भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “काही नाही, चहाचं बोलतायत.” ते चहाचं नव्हतं. “म्हणजे इतके दिवस आपली गाणी यानेच बिघडवली की काय?” असं मागचा कोणीतरी म्हणाला होता.

आमच्याकडचे फोन थांबले, हे अपेक्षितच होतं. छकुली दुसऱ्या एका स्टुडिओत नोकरीला लागली. तिथे तिला मशीनला हात लावू देत नाहीत. म्हणतात, बापाने काय शिकवलं असेल ते दिसतंच आहे. गाणी सुधारत होती ती आपणच, हे ती सांगू शकते, पण सांगत नाही. सांगितलं तर बापाची लाज अजून दोन गावं पुढे जाईल.

इस्त्रीला मात्र कामं परत मिळतील असं आम्हाला वाटलं होतं. ती मिळाली नाहीत. लोकांनी स्वतःचा हिशोब लावला. ज्याला कानांची चूक इतकी वर्षं कळली नाही, त्याचे तरी कान कसले? पूर्वी एकटा बहिरा होता, आता दोघं.

मध्यंतरी तो आला. मी दार उघडलं आणि न विचारता आधणात जास्तीची साखर घातली. दोघं समोरासमोर बसले. भावाने त्याचे हात धरले आणि म्हणाला, “माझ्या तोंडाला लगाम नव्हता रे.”

“जाऊ दे.”

“तू फोनवर सांगायचंस ना, गाढवा. तुझे कान गेलेत म्हणून.”

“सांगितलं असतं, पण तू ऐकलं असतंस का?” इस्त्री म्हणाला, आणि दोघं हसले. मग इस्त्रीने चहाचा घोट घेतला. या वेळी बेसबद्दल तो काही बोलला नाही.

“मला तुझ्यावर राग नाही,” तो जरा वेळाने म्हणाला. “पण तू तिथे जाऊन बोलायला नको होतंस. मी मागितलं होतं का? मी झाकून ठेवलं होतं ते छान झाकलं होतं. निदान एक तरी स्टुडिओ चालू राहिला असता. पोरीचं तरी...”

“मला राहवेना.”

“हो. ते तुझं नेहमीचंच.”

जुन्या वादकांच्या गोष्टी निघाल्या. कोण गेलं, कोण आजारी आहे. भाऊ त्याच्या तोंडाकडे नजर लावून बसला होता, ओठ हलले की मान हलवत होता. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तसा इस्त्री उठला. दाराशी गेला, आमच्याकडे पाठ करून खाली वाकला आणि बूट घालता घालता हळू आवाजात म्हणाला, “मशीन विकून टाकलं. मुलाकडे चाललोय कायमचा. आता मी परत यायचा नाही, बरं का.”

भाऊ खुर्चीतून हसून म्हणाला, “हो, हो, ये की. मी कुठे जातोय!”

इस्त्री वाकलेलाच थांबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी कप उचलून आत गेले.