पोट आत घेऊन दिलेलं माप

संस्थेच्या पत्रात तिच्या पदाचं नाव 'मूल्यमापन प्रशिक्षणार्थी' असं होतं. पहिल्याच शनिवारी हातात झाडू आला तेव्हा तिने ते पत्र पुन्हा एकदा वाचून पाहिलं. झाडूचा उल्लेख कुठेच नव्हता. झाडू नसेल असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

"तू स्वयंसेवक की इंटर्न?" केंद्राच्या बाईंनी विचारलं.

"दोन्ही. म्हणजे, कॉलेजच्या दृष्टीने इंटर्न."

"फरक काय?"

"इंटर्नला शेवटी प्रमाणपत्र मिळतं."

"बरं. मग आधी भुसा झाड. भुशाला दोघी सारख्याच."

बाई निवृत्त खेळशिक्षिका होत्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाळेच्या किल्ल्या परत केल्या, पण गळ्यातली शिट्टी परत करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. मुली पाठीमागे त्यांना शिट्टीबाई म्हणायच्या आणि घाईत असल्या की तोंडावरही. ती शिट्टी वाजलेली कुणी ऐकली नव्हती. बाईंचा हात तिच्याकडे नुसता वळला तरी खोली चिडीचूप व्हायची.

खोली म्हणजे खरं तर शेड. एके काळी तिथे रुग्णवाहिका उभ्या राहायच्या. जमिनीवर तेलाचे दोन मोठे डाग होते आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी अजून शाबूत होती. त्या पाटीखाली अकरा ते चौदा वर्षांच्या बारा मुली दर शनिवारी दुपारी दोन ते पाच सुतारकाम शिकायच्या. बारा करवती एकदम चालू झाल्या की पाटी खिळ्यावर थरथरायची. दहा शनिवारांत एक बाक तयार करायचं ठरलं होतं. रस्त्यापलीकडच्या बसथांब्याला छप्पर होतं, पाटी होती, वेळापत्रकसुद्धा होतं, बसायला मात्र काही नव्हतं. मुलींनी बाक देऊ केलं तेव्हा वाहतूक खात्याने आनंदाने परवानगी दिली. परवानगीला लाकूड लागत नाही.

तिचं खरं काम होतं आत्मविश्वास मोजणं. त्यासाठी एक फॉर्म होता. त्यात दहा वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. 'मला नवीन माणसांशी बोलायची भीती वाटत नाही.' 'मी माझं मत मोठ्याने मांडते.' 'मला हत्यारांनी काम करता येतं.' पटत असेल त्या आकड्याभोवती गोल करायचा. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. मधला फरक म्हणजे कार्यक्रमाचं यश.

"ही परीक्षा नाही हं," पहिल्या दिवशी तिने फॉर्म वाटताना सांगितलं. "जे मनात येईल ते लिहा."

ही परीक्षा नाही, असं परीक्षेतच सांगतात, एवढं बाराही मुलींना ठाऊक होतं. त्यांनी पाठी ताठ केल्या.

"पाचपैकी पाच म्हणजे पहिला नंबर ना, ताई?" एकीने विचारलं. ही वकील. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याची नोंद नव्हती, म्हणून हे नाव.

"यात नंबर नसतो गं."

"मग पाच कशाला ठेवलेत?"

ताई उरलेले फॉर्म वाटायला वळली. वकिलीणबाईंनी सगळ्या पाचांना गोल केले. शेजारी एक बारीक चणीची मुलगी होती, ती आपल्या बाहीशीच बोलायची. तिला पुटपुट म्हणत. तिने 'मी माझं मत मोठ्याने मांडते' या वाक्यापुढे पाचाला गोल केला आणि तो बरोबर आहे का, हे शेजारणीला कानात विचारलं.

"तूही भर," शिट्टीबाई इंटर्नला म्हणाल्या. "दुसऱ्यांना नुसतं मोजत बसणारं माणूस मला इथे नको."

तिनेही भरला. चार, पाच, पाच, पाच. करवत तिने आयुष्यात फक्त चित्रात पाहिली होती. पण शिट्टी समोर होती.

पुढचे सात शनिवार मजेत गेले. तिला खिळा ठोकता येऊ लागला. पहिल्या तीन खिळ्यांनी तिच्या अंगठ्याची ओळख करून घेतली, मग गाडी रुळावर आली. मुली तिला आधी 'अहो ताई' म्हणायच्या, मग 'ताई', मग 'ए ताई, धर ना इकडे.' वकीलने काटकोन हा नव्वद अंशांचाच का, यावर वीस मिनिटं हुज्जत घातली आणि शेवटी काटकोन तपासायचा गुण्या लावून स्वतःच स्वतःला हरवलं. पुटपुटची करवत सगळ्यांत सरळ चालायची. कसं, असं विचारलं की ती बाहीला सांगायची.

नवव्या शनिवारी फॉर्म पुन्हा वाटला. या वेळी कुणी पाठ ताठ केली नाही. दोघी तर बाकाखाली पालथ्या पडून भरत होत्या. "ए, करवतीचं काय लिहिलंस?" "तीन. माझी डावीकडे जाते." "मी दोन. माझी कुठेही जाते." हास्याचा असा गडगडाट झाला की पाटी थरथरली.

रविवारी सकाळी तिने सरासरी काढली. आधी चार पूर्णांक आठ. नंतर तीन पूर्णांक एक.

तिने पुन्हा काढली. आकडे ढिम्म हलेनात. नऊ शनिवारांच्या मेहनतीने बारा मुलींचा आत्मविश्वास पद्धतशीरपणे खाली आणला होता, असं तिचा आलेख सांगत होता. आलेख रंगीत होता, त्यामुळे जास्तच झोंबत होता.

संस्थेचं पत्र स्पष्ट होतं. शेवटच्या शनिवारी पाहणी अधिकारी येतील, वाढ दिसली तर वर्ग पुढच्या वर्षी चालू राहील. नाही दिसली, तर शेड संस्थेच्या कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या ठेवायला जाईल. त्या खुर्च्या बारा मुलींनी दोन शनिवारांत दुरुस्त केल्या असत्या. पण खुर्च्यांसाठी पत्रात रकाना नव्हता.

तिच्यासमोर दोन गठ्ठे होते. एकावर चिठ्ठी 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. फॉर्मवर तारीख टाकून घ्यायला ती दोन्ही वेळा विसरली होती. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की आलेख आपोआप वर चढत होता. कुणाला पत्ता लागला नसता. तिने एक चिठ्ठी उचलली. मग दोन्ही गठ्ठे पिशवीत कोंबले आणि वडिलांच्या दुकानात जाऊन बसली. तिच्या घरात विचार करायला लागलं की सगळे दुकानातच जाऊन बसत. तिथे निदान यंत्राचा आवाज होता.

वडील शिंपी होते. एका भरदार गिऱ्हाइकाचं माप चाललं होतं. गिऱ्हाईक छाती पुढे काढून पुतळ्यासारखं उभं होतं. वडिलांनी टेप लावली, आकडा लिहिला आणि सहज विचारलं, "पाठदुखी काय म्हणते?"

पाठदुखीला बरंच काही म्हणायचं होतं. मग मेहुण्याच्या गाडीचा विषय निघाला. चार मिनिटांनी वडिलांनी बोलता बोलता पुन्हा टेप लावली आणि पहिला आकडा खोडला.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, आधीचा का खोडला?"

"अगं, माणूस पहिल्यांदा माप द्यायला उभा राहतो तो पोट आत घेऊन. त्या मापाने शर्ट शिवला, तर हा खुर्चीत बसता क्षणी बटणं समोरच्याच्या चहात."

"मग पहिलं घेताच कशाला?"

"मान ठेवायला. त्याने एवढा श्वास रोखलाय, आपण टेप तरी लावावी." त्यांनी सुईत दोरा ओवला. "गप्पांत रुळला की पोट बाहेर येतं. तेच खरं. लोकांना वाटतं दोन इंच वाढले. वाढत कुणी नाही, सोडतात."

ती उठली. "मी निघते."

"आत्ता तर आलीस!"

"झालं काम."

"कुठलं?" वडिलांनी विचारलं, पण ती रस्ता ओलांडूनही गेली होती.

शेवटच्या शनिवारी पाहणी अधिकारी बरोबर दोनला आले. सडपातळ, सदऱ्याला कडक इस्त्री, खिशात टोपणासकट पेन. वाटेतला भुसा ते असा ओलांडत होते, जणू तो कुणाचा तरी आहे. मुलींचं बाक मधोमध उभं होतं आणि किंचित डुगडुगत होतं, कारण एक पाय अर्धा बोट लांब राहिला होता.

तिने फळ्यावर आलेख लावला. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या.

"सर, आत्मविश्वास कमी झालाय," ती म्हणाली.

शेडमध्ये शांतता राखली गेली. इतक्या वर्षांत पाटीला पहिल्यांदाच यश आलं.

"कमी?" अधिकाऱ्यांनी चष्मा पुढे-मागे केला. "म्हणजे कार्यक्रमाने मुलींचं नुकसान केलं?"

"नाही सर. पहिलं माप चुकीचं आहे. म्हणजे मी चुकीचं घेतलं. तेव्हा सगळ्यांनी पोट आत घेतलं होतं." हे तिने घरी आरशासमोर पाच वेळा म्हटलं होतं. आरशासमोर ते बरं वाटलं होतं.

"पोट?"

वकील उभी राहिली. शिट्टीबाईंचा हात शिट्टीकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि पदराशी चाळा करू लागला.

"सर, तुम्ही भरता का फॉर्म?" वकील म्हणाली.

"मी? हा मुलींसाठी आहे."

"मोठ्यांनी भरू नये असं त्यात कुठे लिहिलंय?"

अधिकाऱ्यांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. नियमाच्या माणसाचा, नियम नसला की, निरुपाय होतो. त्यांनी टोपण काढलं. "यांना पेन्सिल द्या," वकील म्हणाली, "लागेल." 'मला हत्यारांनी काम करता येतं' या वाक्यापाशी ते आले आणि, बारा मुली पाहत असताना पुरुषाने जे करावं तेच त्यांनी केलं. पाचाला गोल.

वकीलने त्यांच्या हातात करवत दिली. एका मुलीने फळी शिकंजात आवळली, दुसरीने पेन्सिलीने सरळ रेघ मारली. "रेघेवरून, सर."

करवत पहिल्या झटक्याला उडाली. दुसऱ्याला अडकली. तिसऱ्या झटक्याला ती जी डावीकडे निघाली, ती रेघेशी सगळे संबंध तोडूनच. अधिकारी जोर लावत होते, कपाळावर घाम आला होता, इस्त्रीची एक बाजू केव्हाच गेली होती.

"दाबू नका," बाहीतून आवाज आला.

"काय?"

पुटपुटने बाही तोंडापासून बाजूला केली. "दाबू नका म्हटलं! सैल धरा. करवतीला तिचं काम करू द्या की!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती स्वतःही दचकली, पण मागे हटली नाही. पुढे येऊन तिने त्यांचं कोपर धरून अंगाशी नेलं. "असं. लांब ओढा. आता बघा."

करवत चालली. सरळ नाही, पण रेघेच्या शेजारून, एखाद्या ओळखीच्या माणसासारखी. फळीचा तुकडा टपकन खाली पडला. अधिकाऱ्यांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. ते हसले. बहुधा सवय नसावी, कारण हसू चेहऱ्यावर कुठे ठेवायचं हे त्यांना पटकन समजेना.

मग त्यांनी फॉर्म जवळ ओढला आणि हळूच विचारलं, "खोडरबर आहे का कुणाकडे?"

त्या प्रश्नावर शेडमध्ये जो दंगा झाला, त्यात पाटी खिळ्यावरून निसटून खाली पडली. कुणी उचलली नाही. पाचाचा दोन झाला. "दोन जास्त होतायत," वकील म्हणाली, आणि त्यावर बऱ्यापैकी वाटाघाटी होऊन दोनच कायम राहिले.

पुटपुटने बाकाचा लांब पाय अर्धा बोट कापला. बाक डुगडुगायचं थांबलं. सगळ्यांनी मिळून ते रस्त्यापलीकडे नेलं. शिट्टीबाईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, शिट्टी फुंकली. दोन्ही बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबली. एक कोपरा अधिकाऱ्यांनी धरला होता. तो सगळ्यांत खाली होता, पण धरला होता.

त्यांना परत जायचं होतं, म्हणून ते तिथेच बसले. बस आली. बस गेली. ते वहीत लिहीत होते. दुसरी आली, तीही गेली. शेडच्या दारात बारा मुली, एक बाई आणि एक इंटर्न श्वास रोखून उभ्या होत्या.

"पोट सोडा गं," इंटर्न म्हणाली, "उगाच माप चुकेल." पण तिने स्वतः काही सोडलं नव्हतं.

शेवटी अधिकारी उठले आणि रस्ता ओलांडून आले. अहवालाचा कागद त्यांनी शिट्टीबाईंच्या हातात दिला. त्यावर तीन ओळी होत्या. पहिलं मोजमाप रद्द समजावं. पुढच्या वर्षीची तुलना दुसऱ्या मोजमापाशी करावी. वर्ग चालू ठेवावा आणि कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या इकडे पाठवाव्यात.

गलका उसळला. वकीलने तिसऱ्या ओळीत दोन मुद्दे एकत्र केल्याबद्दल हरकत घेतली, ती कुणी ऐकून घेतली नाही. पुटपुट मोठ्याने हसत होती, बाहीशिवाय.

इंटर्नने कोपऱ्यात बसून आपला जुना फॉर्म काढला. 'मी चारचौघांसमोर बोलू शकते' यापुढच्या पाचाला काट मारली आणि तिनाला गोल केला. थोडा विचार करून करवतीपुढे दोन. तिला एकदम हलकं वाटलं. शिट्टीबाईंनी प्रमाणपत्रावर सही केली आणि त्याच हाताने झाडू पुढे केला.

अधिकारी जाता जाता दारात घुटमळले. "तुमचं खोडरबर माझ्याकडेच राहिलं," ते म्हणाले.

"राहू द्या," वकील म्हणाली. "पुढच्या शनिवारपासून खुर्च्या आहेत, तेव्हा आणा. दोनला सुरू होतं. उशीर केलात तर भुसा तुम्ही झाडायचा."