सात वार, सात घरं

आमची नात गार्गी शाळेच्या नाटकात भिकारीण झाली, आणि घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. नाटक व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनचं. धुकं, धुराडी आणि रस्त्यावर झोपणारी पोरं. गार्गीला बेघर मुलीचं काम मिळालं होतं, पण तिच्या बाईंचं म्हणणं, ही मुलगी ऑर्चर्ड रोडला खरेदीला निघाल्यासारखी चालते.

म्हणून त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं वुडलँड्समधल्या आमच्या इमारतीखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, तालीम करत होतो. शेजारच्या दगडी टेबलावर चिनी म्हातारे पट मांडून बसले होते. गार्गी कमरेत वाकून, हात पसरून, लंगडत चालत होती.

"लंगडतेस कशाला?" मी विचारलं.

"आजोबा, शी इज हंग्री लाह."

"भूक पायात नसते. सरळ चाल. तोंड धू, केस ओले करून चापून बसव. गबाळ्या पोराला दारात कोण उभं करणार?"

"हाउ डू यू नो?"

मला कसं माहीत! मुलांना हे मी कधी सांगितलेलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण ती चार वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागे पुण्याचं घर आवरलं, आणि तेव्हापासून मी चार महिने इथे परदेशात चारुदत्तकडे, चार महिने नाशिकला निशिकांतकडे, चार महिने बडोद्याला मीनलकडे असा फिरतो. तिन्ही मुलं गुणी आहेत. कुणी मला कधी उणं बोललेलं नाही. पण माझं मन आता प्रवासाला विटलं होतं. मला एका घरात राहायचं होतं. पुढच्या वर्षीचं ठरवायला त्याच संध्याकाळी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल होता, आणि तिथे हे बोलायचं धाडस मला होत नव्हतं. कदाचित म्हणूनच नातीपाशी तोंड उघडलं.

मी तिला सांगितलं, की वडील वारल्यावर बाराव्या वर्षी मी कोकणातून पुण्याला शिकायला आलो. झोपायला एका देवळाची ओवरी होती. जेवायला वार लावले होते. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याची सात घरं. प्रत्येक घरी आधी जाऊन विचारायचं, "आपल्याकडे एक वार मिळेल का?" माझ्या आजोबांनीही असेच वार लावून शिक्षण केलं, आणि तेव्हा राज्य तुझ्या नाटकातल्या त्याच राणीचं होतं. अर्थात ही सोय ज्यांच्या जातीला ती दारं उघडी होती त्यांचीच. बाकीच्या पोरांना तीही नव्हती.

"सो यू वेअर होमलेस," गार्गी म्हणाली.

मला रागच आला. "बेघर कसला? सात घरं होती मला!"

आणि मग ती घरं एकेक करून डोळ्यांपुढे आली. किती वर्षांनी! सोमवारवाल्यांचा उपास रात्री सुटायचा, त्यामुळे त्या दिवशी पानात गोड असायचं. बुधवारच्या आमटीत कोकम सढळ, ती जिभेवर ठेवली की आई आठवायची. गुरुवारचं घर फार धार्मिक. एकादशी गुरुवारी आली की त्यांच्याबरोबर मलाही उपास, पुण्य मात्र सगळं त्यांच्या खात्यात. शुक्रवारी एक विधवा काकू होत्या. त्या वाढून झालं की समोर बसायच्या आणि आज शाळेत काय शिकवलं ते विचारायच्या. मी कविता म्हणून दाखवायचो, त्या भातावर आणखी तूप घालायच्या. अख्खा आठवडा मी शुक्रवारची वाट बघायचो. त्या काकूंसाठी माझा जीव अजून तुटतो. नोकरी लागल्यावर पहिलं लुगडं घेऊन गेलो, तर त्या राहिल्या नव्हत्या.

गार्गी खाली फरशीवर बसून ऐकत होती. "अँड इफ यू डोंट लाइक द फूड?"

"न आवडून सांगतो कुणाला? वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, आज पिठलंच आहे, चालेल ना, की मान थोडी खाली घालायची, हसायचं, आणि म्हणायचं, चालेल, चालेल. दोनदा म्हणायचं. एकदाच म्हटलं तर वाटतं, नाराज आहे."

हे मात्र तिने झटकन उचललं. मान खाली, हसू, "चालेल, चालेल." मी तिला तीन-चार वेळा करायला लावलं. शेवटी इतकं हुबेहूब जमलं की मला बघवेना. म्हटलं, चल वर, तुझी आई वाट बघत असेल.

संध्याकाळी चारुदत्तने टीव्हीवर कॉल लावला. एका चौकोनात निशिकांत, एकात मीनल. चारुदत्त तांजोंग पगारला बँकेत आहे, त्यामुळे माझ्या पुढच्या वर्षाचाही त्याने रंगीत तक्ता केला होता. निशिकांतकडे घराचं काम निघालं होतं, म्हणून त्याचे महिने पावसाळ्यानंतर. मीनलच्या मुलाची बारावी, म्हणून ती उन्हाळ्यानंतर. सगळे अगदी समजुतीने बोलत होते. मी सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होतो.

"बाबा, पुढच्या वर्षी मध्ये एक फेरी जास्त होतेय," चारुदत्त म्हणाला. "चालेल ना?"

"चालेल, चालेल," मी म्हणालो.

गार्गी जमिनीवर बसून आंबा खात होती. तिने मान वर केली. "ममा, आजोबा इज ॲक्टिंग."

"काय?" माझी सून सुनेत्रा म्हणाली.

"दॅट्स माय रोल. द हंग्री वन. ही टॉट मी डाउनस्टेअर्स." आणि तिने ते करून दाखवलं. मान, हसू, सगळं. मग वारांची गोष्टही सांगून टाकली, तिच्या इंग्रजीत, भराभर.

चारुदत्तने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही वार लावून जेवत होतात?"

"त्यात काय एवढं? पुष्कळ जण जेवायचे."

सुनेत्रा फटकळ आहे, मनात काही ठेवत नाही. हातातली डिश टेबलावर ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. "ते राहू दे. तुम्हाला काय हवंय ते सांगा. आणि चालेल म्हणायचं नाही."

मी गार्गीकडे पाहिलं. मग म्हटलं, "मला एका घरी राहायचंय. कुणाच्याही राहीन. पण एकाच."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"नाही म्हटलं की वार तुटतो, सुनेत्रा."

मीनल पडद्यावरच डोळे पुसायला लागली. निशिकांत काहीतरी म्हणू लागला, पण सुनेत्राने मागे वळूनही पाहिलं नाही. "बाबा इथेच राहतील," ती म्हणाली. "तुम्हाला भेटावंसं वाटलं की या. चारू, तो तक्ता काढ तिथून."

चारुदत्तने तक्ता बंद केला. "राहाल ना, बाबा?" त्याने विचारलं. आवाज त्याचा लहानपणीसारखा झाला होता.

"राहतो," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं. वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, गाव सुटलं तेव्हाही नाही. रडक्या पोराला कोण वार देणार? चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मुला-सुनेसमोर, नातीसमोर मी पोटभर रडलो, आणि चारुदत्त माझ्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिला.