तीन सेकंदांची आठवण

मित्रांनो, मी एक जुने काचेचे भांडे आहे. पोट गोल, मान आखूड आणि तोंड सताड उघडे. दातांच्या दवाखान्यात आयुष्य गेले, त्यामुळे तोंड उघडे ठेवण्याची मला लाज नाही. तिथे सगळेच तसे बसतात. फरक इतकाच, की त्यांना ओरडता येते, मला येत नाही.

भट्टीजवळ कारागिराने काचेच्या लालभडक गोळ्यात फुंकर मारली आणि मी जन्मले. दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला उचलले, पाणी भरले आणि एक सोनेरी मासोळी आत सोडली.

डॉक्टर भारी हौशी. भिंतभर जगातल्या अजब गोष्टींचे कागद चिकटवलेले. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. गोगलगायीला हजारो दात असतात. फुलपाखरू पायांनी चव घेते. कवळी बसवून झाली की डॉक्टर म्हणत, "हं, आता एक वाचा बघू!" कवळी हलते का, ते त्यातून कळे. एका आजोबांची कवळी 'फुलपाखरू' म्हणता म्हणता मांडीवर पडली, तेव्हा खुद्द आजोबाच पोट धरून हसले.

माझ्या पोटावरही एक कागद होता. 'या मासोळीची आठवण फक्त तीन सेकंद टिकते.' हा सर्वांचा लाडका. दाढ धरून बसलेली माणसेही म्हणत, "मजा आहे बुवा हिची! ना कालचं दुखणं, ना उद्याची काळजी."

भिंतीवरचे सगळे खरे होते. माझ्या पोटावरचे तेवढे खोटे होते.

हे मला ठाऊक होते आणि डॉक्टरांच्या हाताखालच्या मावशींना. मावशी रोज सकाळी माझ्या काठावर खाण्याची डबी वाजवत. "ठमे, उठलीस का गं?" ठमी सुळकन वर येई. एरवी दार आपटले, खुर्ची सरकली, तरी ती ढिम्म हलत नसे.

"डॉक्टर, हिला सगळं कळतं हो," मावशी म्हणाल्या. "वळताना शेपटी घासते बिचारीची. मोठी टाकी आणू या ना."

"अहो मावशी, एक चक्कर मारेपर्यंत ती विसरते. तिला रोज नवं घर! भांड्यावर वाचलं नाहीत का?"

सगळी खोली हसली. डॉक्टर दुष्ट नव्हते हो. पण लिहिलेल्या अक्षरापुढे मावशींचे काय चालणार?

पुढे मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. डॉक्टरांना आठवेल तेव्हा ते मूठभर खाणे टाकत. पाणी आज बदलू, उद्या बदलू, असे चालले. पाणी हिरवे झाले, मग गढूळ. ठमी तळाशी बसून राहू लागली. मित्रांनो, मला फक्त धरून ठेवता येते. ते नासलेले पाणी मीच धरून ठेवले होते. फुटून जावे असे कितीदा वाटले, पण मी फुटले असते तर ती जमिनीवर तडफडून मेली असती.

दोन महिन्यांनी मावशी परतल्या. खांद्यावरची पिशवीही न उतरवता त्यांनी डबी वाजवली. "ठमे?"

ठमी हलली. तिरकी झाली, पुन्हा खाली गेली आणि कशीबशी वर येऊन तिने मावशींच्या बोटाला तोंड लावले.

डॉक्टर दारातच थबकले. "इतक्या दिवसांनी... ओळखलं हिनं तुम्हाला?"

"मग मी इतके दिवस काय सांगत होते?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

डॉक्टर तसेच बाहेर धावले आणि मोठी टाकी घेऊन आले. टाकीत पाणी भरेपर्यंत ठमी गेली होती.

"रडू नका, मावशी. तिला काही कळलं नसे..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. जिला दोन महिने मावशी आठवत होत्या, तिला त्या दोन महिन्यांतले काय आठवत नसेल? त्यांनी माझ्यावरचा कागद नखाने खरवडून काढला.

आता माझ्यात कापसाचे बोळे असतात. ते पाण्यावाचून राहतात.

मित्रांनो, अजब गोष्टी जरूर वाचा, इतरांना सांगा. पण 'त्याला काही कळत नाही' असे कुणी एखाद्या मुक्या जीवाबद्दल सांगितले, तर हसण्याआधी त्या जीवाकडे नीट बघा. आणि तुमच्या घरी असा कुणी असेल, तर माझी गोष्ट इथेच सोडा. आधी जाऊन त्याचे पाणी बघून या.