माझा ओढून काढलेला पंचम

मी पायपेटी बोलतेय. बोलतेय, वाजत नाहीये. वाजायला कुणाचे तरी पाय लागतात. बोलायला नुसता राग पुरतो, आणि तो माझ्याकडे पंचेचाळीस वर्षांचा साठलेला आहे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा आणि हवेत सरसाचा वास. एका सुतारानं माझं अंग घडवलं, दुसऱ्यानं भाता शिवला. तिसरा कारागीर दिवसभर कुणाशी बोलत नसे. त्यानं मला एकसष्ट सूर दिले. सूर म्हणजे काय, तर बोटाएवढी पितळेची पट्टी आणि तिच्यात एक पातळ जीभ. पट्टीवर कानस मारायची, कानाशी धरायची, पुन्हा कानस मारायची. मधल्या सप्तकातल्या पंचमाला त्याला अख्खी सकाळ लागली. सूर बसला तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "हा गेला की गाणं लंगडं होतं." मला त्याचं एवढंच बोलणं आठवतं.

तिथून मी एका छोट्या चर्चमध्ये आले. चर्चला लागूनच पाळकांचं घर होतं. त्या घरात पाळक, त्यांची बायको, सोळा वर्षांची ताई आणि आठ वर्षांचा धाकटा बंड्या. पाळक शिस्तीचे. माझ्यासाठी त्यांनी एक नियम केला होता: शेवटी जो वाजवेल त्यानं झाकण लावून कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. दुसऱ्या दिवशी पेटीला काही झालेलं दिसलं, तर जबाबदार तोच.

नियम चांगला होता. त्याला भोक एकच होतं. कुलूप माझ्या तोंडाला होतं. माझी पाठ नुसत्या दोन लाकडी खिट्ट्यांवर बंद व्हायची.

शेवटी वाजवायची ती नेहमी ताईच. किल्ली तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. पुष्कळजण पायपेटी वाजवतात म्हणजे माझ्या पायट्यांवर थयथयाट करतात. ताईच्या पायांना मात्र माझा श्वास कळायचा. ओळ संपत आली की ती पाय हलके करायची, आणि गाणारी माणसं आपोआप एकत्र थांबायची. दूरच्या शहरातल्या संगीतशाळेत तिला जायचं होतं. तिथल्या बाई एका रविवारी तिला ऐकायला येणार होत्या. आसपासच्या गावांतून त्या एकच मुलगी निवडणार होत्या.

त्याच्या आदल्या दुपारी अंगणात आगगाडी-आगगाडी चालली होती. बंड्या गार्ड होता, आणि गार्डाकडे शिट्टी नव्हती. आधीच्या महिन्यात पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना त्यानं माझा सूर काढून तोंडानं फुंकताना पाहिलं होतं. पोराच्या डोक्यात तेवढं पुरेसं होतं. आईची क्रोशाची सुई घेऊन तो माझ्या पाठीमागे आला. खिट्ट्या फिरवल्या, सुईचा आकडा आत घातला आणि हाताला लागला तो सूर ओढून काढला. हाताला नेमका पंचमच लागला.

तो वाजलाही. माझा पंचम त्या पोराच्या थुंकीत भिजून अंगणभर पळत होता. "गाडी सुटली! सरका, सरका!" मी भिंतीआडून ऐकत होते. थोड्या वेळानं आवाज बंद झाला. पोरं म्हणाली, "गटारात पडला." बंड्यानं परत येऊन माझ्या खिट्ट्या लावल्या. नीट लावल्या. तो नीटपणाच मी विसरू शकत नाही. घाबरलेलं पोर असं नीट लावत नाही.

रविवारी ताई बसली. चष्म्यातल्या बाई पहिल्या बाकावर. पहिल्याच ओळीत पंचम आला आणि आला नाही. तिथे नुसती हवा. ताई गोंधळली, तिनं पाय जोरात मारले. त्यानं बाकीचे सूर ओरडले आणि तो खड्डा आणखी खोल झाला. त्या गीतात प्रत्येक ओळ पंचमावर येऊन टेकते. चार कडवी, सोळा खड्डे. मागच्या बाकांवरची पोरं खिदळायला लागली. बंड्याही खिदळला.

बाई निघताना म्हणाल्या, "हात चांगला आहे गं. पण वाद्य तपासल्याशिवाय वाजवायला बसायचं नसतं. पुढच्या वर्षी बघू."

पाळकांनी विचारलं, "किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली.

"मग?"

तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. माझी पाठ उघडून बघावं असं कुणाला सुचलं नाही. गुन्हेगार सापडला की पुरावा कोण शोधतो? पाळकांनी हात पुढे केला, तिनं दोरा गळ्यातून काढून दिला. "ज्याला जपता येत नाही, त्यानं वाजवू नये," ते म्हणाले. बंड्या आईच्या मागे उभा होता. बोलायला एक श्वास पुरला असता.

पुढचं वर्ष उजाडलंच नाही. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडत बसली. एका मास्तरांनी, दुरुस्तीचा खर्च नको म्हणून, काही काळ पंचम चुकवत मला वाजवलं. मग विजेवरचा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी सभागृहाच्या कोपऱ्यात झाली. माझ्यावर छत्र्या, टोप्या, सतरंज्या. सगळं सोसलं. गीत चालू असताना माझ्यावर कुणी शेंगदाणे सोलले, तेही सोसलं.

बंड्या मोठा झाला आणि त्याच चर्चचा पाळक झाला. आता त्याला सगळे पाळकसाहेब म्हणतात. माणूस लोकप्रिय. बोलायला लागला की म्हाताऱ्या डोळे पुसतात आणि पोरं हसतात. त्याचा आवडता विषय म्हणजे सत्तरच्या दशकातलं त्याचं लहानपण. अर्ध्या पायडलवर चालवलेली वडिलांची सायकल. ट्रान्झिस्टरभोवती कोंडाळं करून ऐकलेल्या बातम्या. दिवसभर उघडी दारं, कुणाच्याही घरात घुसून प्यायलेलं पाणी. भावाची बेलबॉटम पँट कापून शिवलेली पिशवी मिरवणारा एक मित्र. हे खोटं नव्हतं. मी होते तिथे. दारं खरंच उघडी असायची.

पण त्या आठवणींत एक विनोदही होता. "आमच्या ताईनं एकदा पाहुण्यांसमोर पेटी वाजवली. सराव शून्य! दर ओळीला सूर गिळायची. आम्ही पोट धरधरून हसलो. काय ते निरागस दिवस!" दरवर्षी हा विनोद व्हायचा, दरवर्षी लोक हसायचे. आठवण गोड करायला साखर लागते, आणि ती त्यानं दरवेळी बहिणीच्याच ताटातून उचलली.

यंदा त्याच्या पाळकपणाला पंचवीस वर्षं झाली. त्यानं आठवणींचं पुस्तक छापलं, 'उघड्या दारांचे दिवस'. दोनशे प्रती. पान एकतिसावर ताईचा विनोद. प्रकाशनाला जुनं काहीतरी हवं म्हणून त्याला मी आठवले. मला पुसलं, पुढे आणलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुरुस्तीवाला म्हणजे त्या जुन्या काकांचाच मुलगा. हात सोन्याचे, तोंडाला कुलूप नाही.

त्यानं माझी पाठ उघडली. "साहेब, इकडे या. साठ सूर जागेवर आणि हा एक नाही. तुटलेला नाही बरं का! ओढून काढलाय. आकड्याचे ओरखडे बघा. बारीक सुई असणार, विणकामाची वगैरे."

पाळकसाहेब वाकले. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसला.

"जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "बोलू नका कुठे. नवा बसवा आणि विषय संपवा."

विषय संपवा! मी खाच आवळून धरली. त्यानं नवा सूर घातला, मी सरकू दिला नाही. कानस मारून पुन्हा घातला, तर मी खाच इतकी सैल सोडली की तो खाली पडला. पाच वेळा झालं. "लाकूड फुगलंय, साहेब. की रुसलंय?" पाळकसाहेब म्हणाले, "राहू द्या. वाजवायचंय कुणाला! वर फुलदाणी ठेवू."

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. ताई तिसऱ्या बाकावर. एकसष्ट वर्षांची, बोटं सांध्यांत सुजलेली. पाळकसाहेब पुस्तकातून वाचत होते. सायकल झाली, ट्रान्झिस्टर झाला, आणि ते पान एकतिसावर आले. दोन दिवसांपूर्वी माझी पाठ उघडी पाहिलेला माणूस तेच पान वाचणार का, मी श्वास रोखून बघत होते.

वाचलं. आवाज काढून वाचलं. "सराव शून्य!" सभागृह हसलं. ताईही हसली, ओठांपुरतं. इतक्या वर्षांत तिला ते हसू पाठ झालं होतं.

दुरुस्तीवाला मागे चहाचा कप घेऊन उभा होता. "अहो साहेब, सराव कसला?" तो मोठ्यानं म्हणाला. "सूरच ओढून काढला होता की! परवा दाखवला नाही का मी तुम्हाला?"

हसणं मधेच तुटलं. शेवटच्या बाकावर एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात कान कोरायचं थांबवून विचारलं, "काय म्हणाला हो?"

ताई उठली. फुलदाणी जमिनीवर ठेवली, झाकण उघडलं आणि पंचमावर बोट ठेवलं. "हा?" तिनं दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"तोच, मावशी. मागून, सुईनं."

"मला वाटायचं, सरावात पाय जोरात मारून मीच तोडला," ताई म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं मला वाटतंय, मीच." मग ती वळली. "बंड्या."

भर सभेत पाळकसाहेबांना बंड्या! पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला.

"ताई, मी आठ वर्षांचा होतो गं. पोर होतो."

"हो, तेव्हा आठ वर्षांचा होतास. आणि परवा?"

पाळकसाहेबांचं तोंड उघडं होतं. हवा होती, सूर नव्हता. ते कसं वाटतं, मला विचारा.

"ताई, क्षमा कर. मी तुला नवी पेटी..."

"पेटीचं राहू दे. प्रती किती छापल्यास?"

"दोनशे."

"एकतिसावं पान सगळ्यांत खोड. शेजारी खरं काय झालं ते लिही. छापून नाही, हातानं. इथे बसून, हिच्यासमोर. आणि वाटलेल्या प्रती परत मागव. तोपर्यंत मला क्षमेबद्दल काही सांगू नकोस."

आता रोज दुपारी चार वाजता तो माझ्यासमोर टेबल मांडून बसतो. ताई शेजारी खुर्ची टाकून बसते. तो लिहितो: "मी माझ्या बहिणीच्या पेटीचा सूर सुईनं काढला, तो हरवला, गप्प राहिलो, आणि तिच्यावर हसलो. मोठा झाल्यावरही हसलो." पुढची प्रत, पुन्हा तेच. साठाव्या प्रतीला त्याचा अंगठा दुखायला लागला. मला बरं वाटलं. नव्वदाव्या प्रतीला त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. मला आणखी बरं वाटलं. काल तो म्हणाला, "ताई, आता पुरे ना गं?" ती म्हणाली, "अक्षर नीट काढ. हे वाचता येत नाहीये."

लोक मला म्हणतील, झालं गेलं विसरावं, माफ करावं. माफी हा त्याचा धंदा आहे, माझा नाही. मी पेटी आहे. माझ्यात एकसष्ट जागा आहेत आणि एक रिकामी आहे. ती रिकामी नाही असं मी वाजवून दाखवू शकत नाही, आणि सांगणारही नाही.

एकशे एकेचाळीस प्रती झाल्या. उरलेल्या काही गावात, काही परगावी गेल्या आहेत. तुमच्या घरी 'उघड्या दारांचे दिवस' असेल तर पान एकतीस काढून बघा. समासात शाई दिसली नाही, तर पुस्तक घेऊन या. चारनंतर तो इथेच असतो.