पंचनाम्याची बदकं

मे महिन्यात बेंबळीजवळच्या तलावाचं पाणी आटत आलं आणि बदकं मरू लागली. पाणपक्ष्यांच्या आजारांवर काम करणारी भैरवी आठवडाभर धाराशिवहून एसटीनं येत होती. काठावरचा मेलेल्या हळदी-कुंकू बदकांचा ढीग रोज थोडा मोठा होई. पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी सरपंच अमरसिंहांची ताकीद होती. तलावात मासेमारी करणाऱ्या कल्याणप्पानंच पाण्यात विष कालवलं, असं ते धरून चालले होते.

ढिगात अळ्या वळवळत होत्या आणि जिवंत बदकं त्या टिपत होती.

"काका, विष त्या मढ्यांतच तयार होतंय," भैरवी म्हणाली. हे कितव्यांदा, ते तिलाही आठवेना. "अळ्यांना काही होत नाही. पण त्या खाल्ल्या की बदकाची मान लुळी पडते. ढीग पुरला नाही, तर उरलेलीही जातील."

"म्हंजी पुरावाच पुरायचा?" अमरसिंह हसले. "तुळजापूरच्या पुजाऱ्याची पोर तुमी. मढी उचलायला कशाला आलाव?"

बाभळीखाली कल्याणप्पा हात मागं बांधून उभा होता. "म्या उचलू लागलो असतो, लेकी. पण हात लावला, की गाव म्हनंल पुरावा दडिवला."

नमुने प्रयोगशाळेत गेले होते. अहवाल कधी येईल, कुणी सांगत नव्हतं. काठावर एक बदक चोच चिखलात टेकून पडलं होतं. भैरवीनं ते घमेल्यात घेतलं, मानेखाली फडकं ठेवलं आणि सरपंचांच्या ओसरीवर नेलं.

"थेंब थेंब स्वच्छ पाणी पाजायचं. विषबाधा हलकी असेल, तर उद्या मान उचलेल."

"अन् न्हाय उचलली तर?"

एका बदकानं काही सिद्ध होत नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिचं बोलणं संपलं होतं. "तर बघू," ती म्हणाली.

सकाळी पहिल्या गाडीनं ती आली, तेव्हा अमरसिंह ओसरीवर उकिडवे बसले होते. हातात नातवाच्या औषधाचा ड्रॉपर. घमेल्यातलं बदक मान उचलून डुगडुगत होतं.

"लई पितंय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला.

"आणि पंचनामा?"

"खड्डा दाखवू त्यास्नी."

काठावर पोचताच त्यांनी बाभळीकडे हाक मारली, "ए कल्याणप्पा! लांब काय उभारलास पाव्हण्यावानी? ये, पोतं धर."

कल्याणप्पा जागचा हलला नाही. भैरवीनं हातमोज्यांची जोडी त्याच्यापुढं धरली. त्यानं ते घातले, एकदा सरपंचांकडे बघितलं आणि पहिलं बदक उचललं.

दुपारपर्यंत ढीग खड्ड्यात गेला. वर चुन्याची फकी पडली. भैरवी बांधावर टेकली. समोर पाण्यात अजून दोन बदकांच्या माना कलत होत्या.

"घमेलं आनू का?" अमरसिंहांनी विचारलं.

"दोन आणा," ती म्हणाली, आणि पुन्हा चिखलात उतरली.