मिठाची भोकं

बंदरावरच्या भिंती दुरुस्त करण्यात बाबांची उभी हयात गेली. खारा वारा दगड खाणार, बाबा भोकं बुजवणार, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मिठाचं नाव काढलं तरी म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी! आणि लेक काय करत बसली? तर ओल्या मातीच्या फरशीत जाडं मीठ दाबायचं, मग पाण्यानं धुऊन काढायचं, म्हणजे समुद्रानं कुरतडल्यासारखी भोकं पडतात. बाबा दारातूनच बघायचे आणि तसेच माघारी फिरायचे. त्यांच्या लेखी हा सगळा पोरखेळ, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, आणि ते तिला फार लागायचं.

एका हॉटेलच्या दर्शनी भिंतीचं काम तिला मिळालं. पहिलंच मोठं काम. फरश्या खडखडीत वाळल्या होत्या, सकाळी भट्टी लावायची होती, आणि नव्यानं करायला आता सवड नव्हती. दुपारी ती भट्टीसाठी गॅसची टाकी आणायला गेली. परत येऊन बघते तर काय, सगळी भोकं ओल्या मातीनं बुजवलेली! वर बोटानं छान गुळगुळीत केलेली. आणि बाबा शेवटच्या फरशीपुढे, दुखरे गुडघे मोडून बसलेले.

"अहो बाबा, काय केलंत हे! पार वाट लावलीत माझी!"

"मी?" बाबा भांबावले. "अगं, मिठानं खाल्लं होतं सगळं. म्हटलं, पोरीचं काम वाया जायला नको. पहिलीच भिंत ना तुझी?"

काम म्हणाले. भिंत म्हणाले. तिचा निम्मा राग तिथंच गळाला, उरलेला कोरणीवर काढत ती माती उकरायला बसली. थोड्या वेळानं बाबांनीही एक कोरणी ओढून घेतली.

"एवढं?"

"अजून खोल."

"हात धजत नाही गं."

"उकरा हो! मीच सांगतेय ना?"

संध्याकाळपर्यंत फरश्या मोकळ्या झाल्या. काम वाचलं. बुजवलेलं एक भोक मात्र बाबांनी तळव्याखाली झाकून धरलं.

"हे एवढं राहू दे. छान बसलंय."

वाळलेल्या फरशीत भरलेली ओली माती कधी धरत नाही. भट्टीत ती आक्रसणार आणि निखळून पडणार, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

"छानच बसलंय," ती म्हणाली.