कीर्तीला कळलेलं वाक्य

कुंभकोणमच्या उमेशरावांच्या घरी संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला. टीव्हीवरचा गोरा पाहुणा देशोदेशी फिरून कुठे विंचू, कुठे रेशमाचे किडे खायचा आणि उमेशराव खुर्चीतून दाद द्यायचे, "काय छातीचा माणूस आहे!" ते खाणं ज्यांचं रोजचं, त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसायचं.

त्या दिवशी लेक हरिणीची बालमैत्रीण कीर्ती शेजारीच जेवत होती. जवळच्या इन्नंबूर गावची ही पोर परीक्षेपुरती याच घरी राहायला आली होती. पडद्यावर पाहुण्यानं भाताच्या शेतातला उंदीर भाजून तोंडात टाकला. कीर्ती तमिळमध्ये सहज म्हणाली, "आमच्याकडेही कापणीनंतर अप्पा धरतात. मिरं लावून भाजलं की छान लागतं."

उमेशरावांचा घास हातातच राहिला. बाहेर तमिळ, घरात मराठी ही तंजावरकडच्या या मराठी घरांची पिढीजात रीत. परक्यासमोर आपसांत बोलायलाही तीच सोयीची! ते बायकोला मराठीत म्हणाले, "भवानी, हिचें ताट वेगळें ठेव. आपल्यांत मिसळूं नको."

कीर्ती अर्ध्यावरच उठली. ताट घासून तिनं मोरीच्या कडेला एकटं ठेवलं आणि पिशवी घेऊन दारात आली. "मामा, ताट वेगळें ठेवलें आहे," ती चक्क मराठीत म्हणाली आणि निघून गेली. हरिणीच्या संगतीत वाढलेली मुलगी, भाषा शिकल्याशिवाय कशी राहील!

उमेशराव खजील झाले. तरी पुटपुटले, "तिला कळतें हें मला काय ठाऊक?"

भवानी उसळली. "कळलें नसतें तर बरें झालें असतें काय? त्या परक्यानें खाल्लें तर शूर, आणि आपल्या लेकीसारख्या पोरीनें खाल्लें तर विटाळ? तुम्हांस नको तर खाऊं नका. माणसाला कां दूर लोटतां?"

"अप्पा, ती आतां माझ्याशीं बोलेल काय?" हरिणी रडत होती.

सकाळी उमेशराव इन्नंबूरला गेले. कीर्तीचे वडील सेतू यांनी लगबगीनं खुर्ची मांडली. "या, या! तुम्ही आमच्या पोरीला किती जपता!" कीर्तीनं घरी काही सांगितलंच नव्हतं! उमेशरावांची मान खाली गेली. ते हळूच मराठीत म्हणाले, "चुकलों, पोरी."

"मामा, कालही कुणाला कळूं नये म्हणूनच मराठींत बोललांत," कीर्ती म्हणाली.

उमेशरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग कालचं ते वाक्य त्यांनी सेतूंना तमिळमध्ये सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि हात जोडले.

सेतूंनी ते जोडलेले हात खाली घेतले. ते म्हणाले, "दारात आलेल्याला आम्ही आधी एकच विचारतो. जेवलात का?"

उमेशरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. कीर्तीनं वाढलेला ताकभात ते तिच्या वडिलांच्या शेजारी बसून जेवले.

वाचकहो, काय खावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण दुसऱ्याच्या घासाची किळस करताना आपण त्या माणसालाच पंगतीतून उठवतो. आणि जे त्याच्या भाषेत त्याच्या तोंडावर बोलायची आपल्याला लाज वाटते, ते कुठल्याच भाषेत बोलू नये!